एकदाच वाचा: एसएमआय हँडलरमधील रेस कंडिशन कशी टाळावी

एक्स८६ संगणकावरील फर्मवेअरचा जो भाग ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यावरही जागा राहतो, त्यातला सर्वांत अधिकारसंपन्न भाग सिस्टिम मॅनेजमेंट मोडमध्ये, म्हणजे एसएमएममध्ये चालतो. इंटेलने १९९० साली ३८६एसएल प्रोसेसरबरोबर हा मोड आणला तेव्हा त्याचे मुख्य काम लॅपटॉपची वीज वाचवण्याचे होते. आज यूईएफआय (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातील मानक इंटरफेस) व्हेरिएबल लिहिणे, फ्लॅश चिपवरील फर्मवेअर बदलणे अशी नाजूक कामे अनेक संगणकांवर तेथूनच होतात. ही कामे करणाऱ्या कोडला हँडलर म्हणतात; सी भाषेत आणि इडीके२ या खुल्या यूईएफआय कोडसंचाच्या आधाराने असे हँडलर लिहिणाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे.

एसएमएममध्ये प्रवेश एसएमआय, म्हणजे सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट, या इंटरप्टने होतो. तो आला की प्रोसेसर चालू काम जिथल्या तिथे सोडतो, आपली अवस्था एसएमरॅम या राखीव मेमरीत जपून ठेवतो, तेथील हँडलर चालवतो आणि आरएसएम या यंत्रभाषेतील सूचनेने परत फिरतो. एसएमरॅम बाहेरच्या सर्वांना बंद असते, कर्नेललाही. म्हणून बाहेरच्याला काही मागायचे असेल तर तो आपली मागणी साध्या रॅममधील एका बफरमध्ये, ज्याला आपण सगळे कॉम बफर म्हणतो, लिहून ठेवतो आणि हेक्स बी२ क्रमांकाच्या पोर्टवर एक बाइट लिहून एसएमआय घडवतो. हँडलर ती मागणी तपासतो आणि पार पाडतो. सारी गोम या दोन क्रियांच्या मधल्या वेळात आहे. बफर ज्या मेमरीत आहे ती हल्लेखोराच्या हातात असू शकते, आणि तपासणी झाल्यावर व काम होण्यापूर्वी ती बदलली गेली तर तपासणी फुकट जाते. कोण आधी पोहोचतो यावर निकाल ठरणारी ही शर्यत म्हणजेच रेस कंडिशन. हापूसची पेटी उघडून वरचा थर दाखवावा आणि सुतळी बांधताना दुसरीच पेटी पुढे करावी, तसा हा प्रकार आहे.

‘सगळे कोर आत आहेत’ हा गैरसमज

या विषयावर बोलू लागले की अनुभवी माणसांकडूनही एक उत्तर हमखास येते: एसएमआय सर्व कोरना एकदम जातो, सगळे कोर एसएमएममध्ये येऊन थांबतात, मग बफर बदलणार कोण? हे उत्तर अर्धेच खरे आहे आणि अर्धे खरे असल्यामुळेच धोक्याचे आहे.

पहिली गोष्ट अशी की सगळे कोर आत येतातच असे गृहीत धरता येत नाही. इडीके२ मध्ये कोर जमवण्याचे पारंपरिक आणि शिथिल असे दोन प्रकार आहेत. पारंपरिक प्रकारात मुख्य कोर इतरांची वाट पाहतो, पण ती ठराविक मुदतीपुरतीच; मुदत टळली की उशीर करणाऱ्यांना पुन्हा एसएमआय धाडतो आणि त्यानंतरही कोणी राहिलाच तर कधी ना कधी पुढे सरकतो. शिथिल प्रकारात तर सगळे जमण्याआधीच हँडलर सुरू होऊ शकतो. कोणता प्रकार निवडायचा हे प्लॅटफॉर्म ठरवतो, तुमचा हँडलर नव्हे. आज एका प्लॅटफॉर्मसाठी लिहिलेला हँडलर उद्या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर नेला जातो आणि तेव्हा त्याच्यामागचे गृहीतक कोणालाही आठवत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कोर थांबले म्हणून डिस्क कंट्रोलर, नेटवर्क कार्ड किंवा यूएसबी कंट्रोलर थांबत नाहीत. त्यांना डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, रॅममध्ये थेट लिहिता येते, आणि कर्नेलवर ताबा मिळवलेला हल्लेखोर डिस्कला ‘या पत्त्यावर अमुक मजकूर आणून ठेव’ असा हुकूम आधी सोडून लगेच एसएमआय घडवू शकतो. २०२२ साली रिंगहॉपर या नावाने मांडलेले सुरक्षा-संशोधन याच वाटेने गेले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरक्षादोष जाहीर करणाऱ्या सीईआरटी समन्वय केंद्राने व्हीयू ४३४९९४ या क्रमांकाची सूचना काढून अनेक यूईएफआय अंमलबजावणींमध्ये हा दोष असल्याचे जाहीर केले. एसएमरॅमला चिपसेट डीएमएपासून वाचवतो. कॉम बफरला ते संरक्षण नसते.

येथे कोणी आयओएमएमयूचा, म्हणजे कोणत्या उपकरणाने कोणत्या मेमरीला हात लावावा हे ठरवणाऱ्या हार्डवेअरचा, आधार घेईल. तो चालू ठेवणे चांगलेच, पण त्याची कोष्टके ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात असतात आणि एसएमएमच्या दृष्टीने ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नेल हाच अविश्वासू पक्ष आहे. ज्याच्यापासून घर वाचवायचे त्याच्याचकडे किल्ली ठेवण्यात अर्थ नाही.

दोन ओळींमधली फट

चुकीचा हँडलर बहुतेक वेळा असा दिसतो:

जर (कॉम->लांबी > कमाल_लांबी) परत(चूक);
कॉपीमेम(आतली_जागा, कॉम->मजकूर, कॉम->लांबी);

वाचताना हा कोड निर्दोष वाटतो, कारण तपासणी आहे आणि ती वापराच्या आधी आहे. परंतु ‘लांबी’ हे क्षेत्र बाहेरच्या मेमरीतून दोनदा वाचले गेले आहे. पहिल्या वाचनात तेथे ६४ असते आणि तपासणी पार पडते. दोन ओळींच्या मधल्या काही नॅनोसेकंदांत कोणीतरी तेथे ६५,५३५ लिहितो. दुसऱ्या वाचनात कॉपीमेम तेवढे बाइट एसएमरॅममधील छोट्या जागेत ओततो आणि शेजारच्या फंक्शन पॉइंटरवर आक्रमण होते. फट लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नये. हल्लेखोराला घाई नसते. तो हाच प्रयोग लाखो वेळा करू शकतो आणि त्याला एकदाच जिंकायचे असते.

दुरुस्त रूप असे:

लांबी = *(व्होलटाइल यूइंट३२ *)&कॉम->लांबी;
जर (लांबी > कमाल_लांबी) परत(चूक);
कॉपीमेम(आतली_जागा, कॉम->मजकूर, लांबी);

येथे लांबी एकदाच वाचली, ती स्थानिक चलात म्हणजे एसएमरॅममधील स्टॅकवर किंवा रजिस्टरमध्ये आली, आणि त्यानंतर तपासणी व वापर दोन्ही त्याच प्रतीवर झाले. मजकुराच्या आतील क्षेत्रांची तपासणी मात्र कॉपी झाल्यानंतर, आतल्या प्रतीवर करायची. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी बाहेर तपासून मग कॉपी केली, तर कॉपी करूनही काही उपयोग नाही. रिव्ह्यूमध्ये ही उलटापालट वारंवार सापडते, कारण ‘आधी तपासा, मग आत घ्या’ हे कानाला बरोबर वाटते.

इडीके२ चा व्हेरिएबल ड्रायव्हर या बाबतीत वाचण्यासारखा आहे. तो सुरुवातीलाच एसएमरॅममध्ये कमाल आकाराची जागा राखून ठेवतो, आलेला मजकूर आधी तेथे उतरवून घेतो आणि नाव, डेटा व त्यांचे आकार त्या प्रतीतून तपासतो. जागा आधीच राखल्यामुळे ऐन वेळी मेमरी मिळाली नाही तर काय करायचे, हा प्रश्नही उरत नाही. कॉपीने एसएमआय लांबेल अशी भीती काहींना वाटते. एसएमआयची विलंबमर्यादा म्हणून १५० मायक्रोसेकंदांचा आकडा इंटेलच्या बिट्स या चाचणीसंचात वापरला जातो आणि काही किलोबाइट उतरवून घेण्यास त्यातला फार थोडा भाग लागतो. खरा वेळ फ्लॅशवर लिहिण्यात जातो.

एक बारीक सापळा हेडरचा आहे. काही हँडलर आधी फक्त हेडर वाचून एकूण लांबी काढतात, ती तपासतात आणि मग हेडरसकट संपूर्ण बफर आत घेतात. आता आतल्या प्रतीमधले हेडर आणि तपासलेले हेडर ही दोन वेगळी वाचने आहेत. पुढचा कोड प्रतीमधले लांबीचे क्षेत्र पुन्हा वापरणार असेल तर कॉपीनंतर त्या क्षेत्रावर तपासलेली किंमत स्वतः लिहून ठेवावी, किंवा दोन्ही जुळत नसतील तर मागणी तेथेच नाकारावी.

पत्त्यांची तपासणी वेगळी आणि तितकीच आवश्यक आहे. बाहेरून आलेला पत्ता एसएमरॅमच्या आतला निघाला तर हँडलर स्वतःच्याच हाताने स्वतःची मेमरी खराब करील. इडीके२ मध्ये यासाठी ‘एसएमएम इज बफर आउटसाइड एसएमएम व्हॅलिड’ हे फंक्शन आहे. पत्ता अधिक लांबी ही बेरीज उलटून शून्यावरून पुन्हा सुरू होत नाही ना, हेही त्यात पाहिले जाते. त्याला द्यायची लांबी मात्र तुम्ही जपलेल्या स्थानिक चलातलीच असली पाहिजे.

पॉइंटरच्या आतला पॉइंटर

कॉम बफरमधील मजकुरात जर आणखी एक पत्ता असेल, तर प्रत्येक पायरीला हाच विधी पुन्हा करावा लागतो: पॉइंटर प्रतीतून घ्यायचा, तो तपासायचा, तो दाखवत असलेला मजकूर आत उतरवायचा आणि मगच त्यातील क्षेत्रे पाहायची. माझे मत विचाराल तर नवीन इंटरफेसमध्ये असे पॉइंटर ठेवूच नयेत; सगळा मजकूर सपाट, एकापाठोपाठ एक ठेवावा आणि पॉइंटरऐवजी बफरच्या आरंभापासूनचे अंतर द्यावे. एसीपीआय हे फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देण्याचे मानक आहे. मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या डब्ल्यूएसएमटी या एसीपीआय कोष्टकात फर्मवेअरला तीन बिटांनी काही आश्वासने द्यावी लागतात: कॉम बफर ठराविक प्रदेशांतच असतील, त्यांच्या आतल्या पॉइंटरांनाही तोच नियम लागू असेल, आणि यंत्रणेच्या संवेदनशील साधनांचे रक्षण केले जाईल. हे बिट लावणे म्हणजे एक प्रकारची लेखी हमी आहे, पण कोष्टक स्वतः काहीही तपासत नाही. शिवाय बफर ठराविक प्रदेशात असल्याने तो बदलता येत नाही असे मुळीच होत नाही.

उत्तर परत पाठवतानाही हाच नियम उलट्या दिशेने लागू होतो. उत्तर एसएमरॅममध्ये पूर्ण तयार करावे आणि शेवटी एकदाच बाहेर उतरवावे. बाहेरच्या बफरमध्ये अर्धवट किंमत लिहायची आणि नंतर तीच वाचून पुढची बेरीज करायची, ही सवय सोडावी. उत्तराची रचना आधी शून्यांनी भरून घ्यावी, नाहीतर क्षेत्रांच्या मधल्या रिकाम्या बाइटांमधून एसएमरॅममधील जुना मजकूर बाहेर जातो.

एक किस्सा येथे सांगण्यासारखा आहे. माझ्या पाहण्यातील एका हँडलरमध्ये कॉपी अगदी नीट केलेली होती, पण कॉपीनंतरही बाहेरचा पॉइंटर त्याच फंक्शनमध्ये त्याच नावाने जिवंत होता. वर्षभराने दुसऱ्या सहकाऱ्याने एक नवीन कमांड जोडली आणि हाताला आले ते नाव वापरले. कोणाचाच निष्काळजीपणा नव्हता. रचनाच तशी होती. तेव्हापासून मी हँडलरचे दोन तुकडे करतो. बाहेरच्या फंक्शनचे काम फक्त पत्ता तपासणे, एकदा उतरवून घेणे आणि उत्तर परत लिहिणे एवढेच. आतल्या फंक्शनला केवळ एसएमरॅममधील प्रतीचा पत्ता मिळतो, बाहेरचा पत्ता त्याला माहीतच नसतो. जे नाव दिसत नाही ते चुकून वापरले जात नाही.

कंपायलरची कारागिरी

सी मध्ये एकदा वाचलेले दिसते म्हणून यंत्रभाषेतही एकदाच वाचले जाईल असे नाही. पॉइंटर व्होलटाइल नसेल तर त्या मेमरीला दुसरे कोणी हात लावत नाही असे कंपायलर धरून चालतो, आणि रजिस्टर अपुरे पडले की स्थानिक चल जपण्याऐवजी मूळ पत्त्यावरून तीच किंमत पुन्हा आणतो. डिसेंबर २०१५ मध्ये झेन हायपरव्हायझरच्या प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या एक्सएसए १५५ या सूचनेचा विषय नेमका हाच होता: सामायिक मेमरीतील किंमत स्रोत कोडमध्ये एकदाच वाचलेली असूनही कंपायलरने दोनदा वाचणारा कोड तयार केला होता. स्विच विधानाचे जंप टेबल बनते तेव्हा मर्यादा एका वाचनावर तपासली जाते आणि उडी दुसऱ्या वाचनावर मारली जाते, तेव्हा परिणाम किती गंभीर होईल हे वेगळे सांगायला नको.

म्हणून एकेक क्षेत्र घ्यायचे असेल तर व्होलटाइल पॉइंटरमधून घ्यावे, आणि संपूर्ण रचना घ्यायची असेल तर कंपायलरला वगळता न येणाऱ्या कॉपी फंक्शनने घ्यावी. साधी रचना-ते-रचना नेमणूक पुरेशी मानू नये. अंतिम बायनरीचे डिसअसेंब्ली उघडून त्या पत्त्यावरची वाचने मोजण्यास दहा मिनिटे लागतात. महत्त्वाच्या हँडलरसाठी मी ती नेहमी खर्च करतो. तपासलेली लांबी किंवा अनुक्रमांक ॲरेसाठी वापरायचा असेल, तर मर्यादेच्या तपासणीनंतर इडीके२ मधील ‘स्पेक्युलेशन बॅरियर’ टाकावा, कारण प्रोसेसर तपासणीचा निकाल येण्यापूर्वीच अंदाजाने पुढे धावू शकतो.

रजिस्टरांवरील शर्यती

शर्यत फक्त मेमरीत नसते. इंटेलच्या चिपसेटमधील बायोस कंट्रोल रजिस्टरचा बिट ० फ्लॅशवर लिहिण्याची परवानगी देतो आणि बिट १ लावलेला असेल तर ती परवानगी कोणी चालू करताच एसएमआय घडतो. हँडलर येऊन परवानगी पुन्हा बंद करतो. जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झालेल्या व्हीयू ७६६१६४ या सूचनेने या व्यवस्थेतील फट दाखवली: एक कोर परवानगी चालू करतो, त्याच क्षणी दुसरा कोर लिहिण्याचा सपाटा लावतो, आणि एसएमआय पोहोचेपर्यंतच्या अवधीत एखादे लेखन पार पडते. उपाय बिट ५ मध्ये आहे. तो लावला की सर्व कोर एसएमएममध्ये असल्याशिवाय हार्डवेअर लेखन स्वीकारतच नाही. ‘कोणी दार उघडले तर आपण धावत जाऊन लावू’ अशा संरक्षणाऐवजी दारालाच कुलूप, हा फरक आहे. चिपसेक या साधनातील बायोस लेखन-संरक्षणाची चाचणी हे बिट वाचून दाखवते. उत्पादन बाहेर पाठवण्यापूर्वी ती चालवावी.

उलट दिशेची एक शर्यत हल्लेखोराशिवायही घडते. पीसीआय कॉन्फिगरेशनसाठी कर्नेल हेक्स सीएफ८ पोर्टवर पत्ता लिहितो आणि नंतर सीएफसी पोर्टवरून डेटा घेतो. या दोन पावलांच्या मध्ये एसएमआय आला आणि हँडलरने स्वतःसाठी सीएफ८ बदलला, तर परतल्यावर कर्नेल भलत्याच उपकरणाचा डेटा वाचतो. हँडलरने आरंभी सीएफ८ वाचून ठेवावा आणि जाताना जसाच्या तसा परत लिहावा. पत्ता-डेटा अशी जोडी असलेल्या प्रत्येक साधनाला हेच लागू आहे. फ्लॅश कंट्रोलरच्या बाबतीत आधीचे चक्र संपले आहे ना, हे स्थितीदर्शक बिट पाहून मगच आपले काम सुरू करावे.

ऑपरेटिंग सिस्टिम आणि फर्मवेअर दोघेही वापरतात अशा साधनासाठी, उदाहरणार्थ काही लॅपटॉपांवरील एम्बेडेड कंट्रोलरसाठी, एसीपीआयने ग्लोबल लॉक दिला आहे. त्याचा बिट ० ‘कोणी वाट पाहत आहे’ असे सांगतो आणि बिट १ ‘मालक आहे’ असे. दोन्ही अविभाज्य तुलना-व-अदलाबदल सूचनेनेच बदलायचे. येथे एक चूक जीवघेणी ठरते. लॉक ऑपरेटिंग सिस्टिमकडे असताना एसएमएममध्ये फिरत्या लूपमध्ये वाट पाहिली, तर लॉक सोडणारा कोर तुम्हीच थांबवून ठेवलेला असतो आणि यंत्र कायमचे गोठते. अशा वेळी वाट पाहत असल्याचा बिट लावून बाहेर पडावे. ऑपरेटिंग सिस्टिम लॉक सोडताना तो बिट पाहते आणि फर्मवेअरला एसएमआयने कळवते.

मागणी करणाऱ्या बाजूचीही जबाबदारी असते. कॉम बफर एकच असताना दोन कोरनी एकाच वेळी त्यात लिहिले तर हँडलर कितीही चोख असला तरी मागणी विस्कटलेलीच येणार. यूईएफआयच्या रनटाइम सेवा एकाच वेळी अनेकांनी बोलावण्यासाठी बनलेल्या नाहीत. लिनक्स त्यांना सेमाफोरने एकामागून एक रांगेत लावतो.

आर्म प्रोसेसरवर हे चित्र अधिक सरळ आणि अधिक कठोर आहे. एसएमसी सूचनेने फक्त बोलावणारा कोर सुरक्षित जगात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला बंद असलेल्या भागात, जातो, बाकीचे कोर बाहेर आपापले काम करत राहतात. म्हणजे ‘सगळे थांबले आहेत’ हा भ्रमही तेथे नसतो. छोट्या किंमती रजिस्टरांतून पाठवाव्यात, कारण रजिस्टरातील किंमत बाहेरचा कोर बदलू शकत नाही. सामायिक मेमरी वापरावी लागली तर वरचाच विधी.

चाचणी

शर्यतीची चाचणी नशिबावर सोडू नये. दोन थ्रेड धावत ठेवून दोष कधीतरी दिसेल याची वाट पाहण्यापेक्षा मी क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये क्यू३५ या आभासी यंत्रावर ओव्हीएमएफ या यूईएफआय फर्मवेअरचा एसएमएमसहितचा बिल्ड चालवतो आणि जीडीबी हा डीबगर जोडतो. हँडलरमधील तपासणी संपते त्या सूचनेवर ब्रेकपॉइंट लावावा. तेथे सगळे आभासी कोर थांबलेले असतात. त्याच अवस्थेत कॉम बफरमधील लांबी, कमांड क्रमांक आणि प्रत्येक आतला पॉइंटर जीडीबीमधून हाताने बदलावा, जणू एखाद्या उपकरणाने डीएमएने तेथे लिहिले आहे, आणि पुढे चालू करावे. निर्दोष हँडलर जुन्या, तपासलेल्या किंमतींवरच काम पूर्ण करतो आणि बदलाचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही. परिणाम दिसला तर बफरच्या त्या पत्त्यावर वाचनाचा वॉचपॉइंट लावून पुन्हा एसएमआय घडवावा; दुसऱ्यांदा जेथे थांबेल ती ओळ दुरुस्त करायची आहे.